कान म्हणजे शून्य

"कायमची नळी बसवावी लागेल," असं डॉक्टरबाई म्हणाल्या तेव्हा चांगल्या मुलाने बापाच्या तोंडाकडे बघायचं असतं. मी पलंगाच्या चाकांकडे बघितलं. डोक्याकडच्या दोन्ही चाकांखाली टाइलचे दोन-दोन तुकडे होते आणि ते मी ठेवले होते. रंग हस्तिदंती, पृष्ठभाग खरखरीत, जाडी बारा मिलिमीटर, खोलीतल्या फरशीशी असे मिळून गेलेले की ज्याने ठेवले त्यालाच दिसावेत. रंग जुळवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. डॉक्टरबाई पुढे सांगत होत्या की डोक्यातलं पाणी आपोआप जिरायला हवं ते जिरत नाहीये, आकडे एकदा आभाळाला तर एकदा पाताळात, ही तात्पुरती नळी आणखी ठेवली तर तिच्या वाटेने जंतू आत शिरतील, तेव्हा उद्या सकाळी आठ वाजता दुसरं ऑपरेशन. एक बारीक नळी कवटीतून निघून कानामागून मानेत, मानेतून छातीवरून पोटात, सगळी कातडीच्या आतून, जन्मभर. "काही वाटत नाही हो नंतर. पुष्कळांना असते. विसरून जातात." बाबा छताकडे बघत होते. छताच्या कडेची पट्टी एका कोपऱ्यात बोटभर खाली उतरली होती, हे मला त्यांच्या भुवईवरून कळलं. मी विचारलं, "आकडे असे का होत असतील?" हा प्रश्न मी इतक्या निरागसपणे विचारला की नंतर मला स्वतःचीच भीती वाटली. "तेच तर कळत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि शेजारी उभ्या असलेल्या सकाळच्या सिस्टरकडे वळून, हळू पण मला ऐकू येईल इतक्या हळू, म्हणाल्या, "दुपारच्या शिफ्टचं बघायला हवं."

गाठ काढून नऊ दिवस झाले होते. मेंदूच्या मागच्या अंगाला, लिंबाएवढी. डॉक्टर लोक गाठी फळांमध्ये का मोजतात कुणास ठाऊक. नातेवाइकांना धीर यावा म्हणून असेल, पण मी तेव्हापासून लिंबाकडे सरळ नजरेने बघू शकलेलो नाही. शुद्धीवर आल्यावर बाबांचं पहिलं वाक्य होतं, "लिंबू म्हणजे किती मिलिमीटर?" "बत्तीस," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मग बत्तीस म्हणा ना," बाबा म्हणाले आणि परत झोपले. मेंदू शाबूत आहे असं सगळ्यांनी त्यावरून ठरवलं. पण गाठ बसली होती ती नेमकी पाण्याच्या वाटेवर. माणसाच्या डोक्यात रोज अर्धा लिटर पाणी तयार होतं आणि तेवढंच मुकाट्याने जिरतं, ही गोष्ट मला तोवर माहीत नव्हती. माझ्याही डोक्यात होतं म्हणे, शोरूममध्ये उभं असताना, बसमध्ये, अंघोळ करताना, सतत. गाठ निघाली तरी वाट सुजलेली, म्हणून सूज उतरेपर्यंत पाणी साचू नये यासाठी कवटीतून एक नळी बाहेर काढली होती. ती उशीवरून वळसा घेऊन शेजारच्या उभ्या स्टँडवर जायची, तिथे आकड्यांच्या रेघा मारलेलं एक अरुंद भांडं टांगलेलं, आणि भांड्याखाली पिशवी. पाणी थेंबाथेंबाने भांड्यात पडायचं. स्वच्छ, पिण्याच्या पाण्यासारखं. मला वाटलं होतं विचारांचा थोडा तरी गढूळपणा असेल.

सकाळच्या सिस्टरने मला पहिल्याच दिवशी समोर उभं करून समजावलं होतं. "कानाचं भोक म्हणजे शून्य. कळलं? शून्यापासून वर पंधरा सेंटिमीटरवर हे भांडं. भांडं खाली गेलं किंवा काकांचं डोकं वर गेलं की पाणी जास्त वाहतं. उलट झालं की वाहायचं थांबतं आणि आत साचतं. जास्त वाहिलं तरी वाईट, साचलं तरी वाईट. म्हणून पलंगाला हात लावायचा नाही, उशी बदलायची नाही, काकांना उठवून बसवायचं नाही. आधी मला हाक मारायची. मी तोटी बंद करणार, मग काय ते." एवढं सांगून तिने खिशातून एक छोटी लेव्हल काढली, पिवळी, बुडबुड्याची, बोटाएवढी, आणि बाबांच्या कानापासून स्टँडच्या पट्टीपर्यंत दोरी ताणून बुडबुडा मधोमध येईपर्यंत भांडं खालीवर केलं. रोज आठला, दोनला आणि परत आठला, शिफ्ट बदलली की ही पूजेसारखी क्रिया व्हायची. बाबांनी त्या पहिल्या दिवशी डोळे किलकिले करून त्या बुडबुड्याकडे बघितलं. नऊ दिवसांत मी त्यांच्या चेहऱ्यावर आदर बघितला तो तेवढाच.

कारण बाबांचा जन्म लेव्हलमध्ये गेला. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरात गुडघ्यावर बसून फरशी बसवली. त्यांचा बुडबुड्यावर तसा विश्वास नाही. बुडबुडा खोटं बोलू शकतो, पाणी बोलू शकत नाही, असं ते म्हणतात. त्यांच्याकडे वीस फुटांची पारदर्शक नळी आहे. तिच्यात पाणी भरायचं, एक टोक या भिंतीला, दुसरं टोक पलीकडच्या खोलीतल्या भिंतीला, आणि दोन्हीकडे पाणी जिथे थांबेल तिथे पेन्सिलीची खूण. मध्ये किती का भिंती, उंबरे, वळणं असेनात, पाणी दोन्ही टोकांना एकाच उंचीवर उभं राहतं. कॉलेज संपल्यावर तीन वर्षं मी त्या नळीचं दुसरं टोक धरलं. पलीकडच्या खोलीतून आवाज यायचा, "हलवतोयस." मी हलवत नसायचो. "श्वास घेतोयस." तो मात्र घेत असायचो. मग एके दिवशी एका बाथरूममध्ये, अर्धी भिंत झालेली असताना, मी उठलो, हात धुतले आणि शोरूममध्ये मुलाखतीला गेलो. तिथे मला घेतलं. आता मी टाय लावून लोकांना टाइल दाखवतो आणि "बसवणारा माणूस तुमचा तुम्ही बघा" असं म्हणतो. उरलेली अर्धी भिंत बाबांनी एकट्याने पुरी केली. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, निदान बोलणं झालं असतं. तेव्हापासून ते माझ्याशी आईमार्फत बोलतात. मी समोर बसलेलो असताना, "त्याला म्हणावं पंखा कमी कर." आई म्हणते, "पंखा कमी कर." मी कमी करतो. आई म्हणते, "केला." तीन वर्षं आमचं घर दोन देशांच्या सरहद्दीवरच्या कचेरीसारखं चाललं होतं आणि आई तिथली एकुलती एक दुभाषी.

म्हणून ऑपरेशननंतरच्या सहाव्या दिवशी, आई घरी गेलेली असताना, बाबा छताकडे बघत "डोकं उताराला आहे" असं म्हणाले, तेव्हा मी आधी मागे वळून बघितलं. खोलीत चार पलंग, बाकी तिघे झोपलेले. म्हणजे मलाच. "काय?" "पलंग. डोक्याकडे उतार आहे. रक्त सगळं डोक्यात जातंय." मी म्हटलं, तसं वाटत असेल. ते म्हणाले, "वाटत नाही. भांड्यातलं पाणी बघ." मी बघितलं. स्टँड सरळ रेघेत उभा होता असं मला वाटत होतं, पण भांड्यात साचलेल्या पाण्याची रेघ भांड्यावर छापलेल्या रेघांना छेदत तिरकी गेली होती. स्टँड भिंतीकडे कललेला होता, म्हणजे फरशी भिंतीकडे उतरती होती, म्हणजे पलंगही. बाबांनी स्वतःच्या डोक्यातलं पाणी वापरून दवाखान्याची फरशी तपासली होती. "मीटरला दहा-बारा मिलिमीटर," ते म्हणाले. "कुणी बसवलीये कुणास ठाऊक. सरळ कर." सरळ कर. तीन वर्षांत मला थेट मिळालेला पहिला हुकूम. माझ्या बॅगेत शोरूमचे नमुने नेहमी असतात. मी रंग जुळवला (तो हात आपोआप जातो), एकेक कोपरा पाठीने उचलला आणि चाकांखाली दोन-दोन तुकडे सरकवले, मध्ये घसरू नयेत म्हणून पुठ्ठा. तोटी बंद करायची असते हे मला आठवत होतं का? आठवत होतं. मला हेही ठाऊक होतं की डोकं अडीच सेंटिमीटर वर गेलं. पण फरशी सरळ करणं म्हणजे चूक दुरुस्त करणं असं माझ्या रक्तात मुरलेलं आहे, आणि सरळ केलेल्या गोष्टीने कुणाचं वाईट होईल हे माझ्या रक्ताला सुचलंच नाही. बाबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "हं." या "हं"साठी मी आख्खा दवाखाना उचलला असता.

पुढचं सगळं साफसफाईच्या मावशींमुळे झालं, आणि त्यात त्यांचा काडीचाही दोष नाही. त्या सकाळी सातला आणि दुपारी तीनला यायच्या, पलंग स्टँडसकट वीतभर पुढे ढकलायच्या, मागचं पुसायच्या आणि पलंग परत लावायच्या. तुकड्यांवरून चाकं घसरून खाली यायची. मावशी तुकडे उचलून, पुसून, खिडकीत एकावर एक रचून ठेवायच्या. त्यांनी मला कधी विचारलं नाही, मी त्यांना कधी सांगितलं नाही. मी सकाळी नऊला यायचो आणि परत लावायचो. तीनच्या आधी मी शोरूमला निघालेला असायचो, आणि संध्याकाळी परत आलो की भेटायला आलेल्यांच्या गर्दीत पलंग उचलता यायचा नाही. म्हणजे आठला सिस्टर लेव्हल लावणार, नऊला मी डोकं वर उचलणार, दोनपर्यंत पाणी धो धो. दोनला दुपारची सिस्टर उचललेल्या डोक्याला बरोब्बर लेव्हल लावणार, तीनला मावशी डोकं खाली आणणार, आठपर्यंत भांडं ठणठणीत. सकाळी एकशे दहा मिलिलिटर, दुपारी बारा. सकाळी डोकेदुखी, दुपारी पेंग आणि उलटी. तीन दिवस. पलंगाखाली कुणी वाकलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष कानाच्या भोकाकडे. मला हा हिशेब जुळायला तीन दिवस लागले हे मी कबूल करतो. खरं म्हणजे दोनच लागले. तिसरा दिवस मी न जुळल्यासारखं करण्यात घालवला, कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा म्हणाले होते, "परत उतार झाला. तू लावलेलं राहत कसं नाही?" आणि मला ते राहील असं लावून दाखवायचं होतं.

अकरा वाजता सकाळच्या सिस्टरने माझ्या हातात कागद दिला. "इथे सही. उद्याच्या ऑपरेशनची." मी कागद घेऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. 'कारण' या रकान्यात लिहिलं होतं: पाण्याचा निचरा अनियमित. मी शोरूममध्ये दिवसाला चाळीस कागदांवर सह्या करतो, पण त्यात कुणाच्या मानेतून नळी जात नाही. मी स्वतःला समजावायला लागलो. तुकडे मी गुपचूप काढून घेतो. आकडे आपोआप सुधारतील. कुणी कुणाला काही बोलायला नको. पण आकडे सुधारायला दोन दिवस लागतील आणि ऑपरेशन उद्या आठला. मग मी दुसरं समजावायला लागलो: कदाचित नळी लागणारच असेल, तुकडे असोत-नसोत. हे तर डॉक्टरांनाच माहीत. पण डॉक्टरांना जे माहीत होतं त्यात तुकडे नव्हते. तेवढ्यात दुपारची सिस्टर आली, तिची वेळ व्हायच्या तीन तास आधी. नवीन होती, तिचा बिल्लासुद्धा अजून चकचकीत. माझ्या शेजारी बसून ती पाठकोऱ्या कागदावर लिहायला लागली, खोडायला लागली. मी विचारलं, काय लिहिताय? "खुलासा," ती म्हणाली. "लेखी मागितलाय. दादा, मी रोज दोनदा लेव्हल बघते हो. एकदा बघितली की लगेच परत बघते. तुम्ही बघितलंय ना मला?" मी म्हटलं, बघितलंय. मी सहीचा कागद तसाच घडी करून खिशात घातला. मी आत गेलो.

बाबा जागे होते. "सांगू का?" मी विचारलं. "काय?" "फरशीच्या तुकड्यांचं." मला वाटलं ते म्हणतील नको, किंवा म्हणतील सांग बाबा, जन्मभराची नळी कशाला. ते म्हणाले, "आधी उतार आहे ते सांग. मग तुकड्यांचं सांग. उलटं सांगितलंस तर आपण वेडे ठरू."

डॉक्टरबाई शेजारच्या खोलीत होत्या. मी म्हटलं, "डॉक्टर, खोलीच्या फरशीला उतार आहे. मीटरला दहा-बारा मिलिमीटर."

"बरं," त्या म्हणाल्या, "दुरुस्ती विभागाला सांगा."

"म्हणून मी पलंगाखाली टाइल लावल्या."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कधी?"

"तीन दिवस झाले. रोज लावतो. मावशी रोज काढतात."

"किती जाड?"

"बारा मिलिमीटर. दोन-दोन. म्हणजे चोवीस, आणि मध्ये पुठ्ठा."

"पुठ्ठा कशाला?"

"घसरू नये म्हणून."

डॉक्टरबाई उठल्या, बाबांच्या पलंगाशी आल्या, आणि एवढ्या मोठ्या सर्जनने गुडघ्यावर बसून पलंगाखाली बघावं असा प्रसंग त्या खोलीत आला. चारही पलंगांवरची डोकी (त्यातली तीन पट्ट्या बांधलेली) वळली. त्या बराच वेळ खाली होत्या. खालून आवाज आला, "रंग कसा जुळवलात हो एवढा?" मी खरं तर खूश झालो, आणि ते दाबायला मला जड गेलं. मग त्या उठल्या, आकड्यांचा तक्ता मागवला, बोट फिरवत वेळा वाचल्या. "फरशी पुसायला कधी येतात?" "सात आणि तीन." त्यांचं बोट तीनवर थांबलं. त्यांना रागवायचं होतं, पण त्याआधी तीन दिवसांचं कोडं सुटल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेला आणि राग मागे राहिला. "म्हणजे मला खरे आकडे माहीतच नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि भांडं हळूहळू वर नेत बघायला दिवस उरलेले नाहीत. ठीक आहे. आता बारा वाजलेत. तोटी बंद. उद्या बारापर्यंत. चोवीस तासांत पाणी आपलं आपण जिरलं तर नळी काढू. मध्ये पेंगायला लागले, गोंधळले, ओकले, उत्तरं देईनासे झाले, तर तोटी उघडायची आणि मग कायमची नळी. तेव्हा मला टाइलचं काही सांगायचं नाही." मी म्हटलं, नाही सांगणार. "आणि बाहेर बाकावर एक मुलगी खुलासा लिहीत बसलीये. तो तुम्ही लिहा." मी लिहिला. तिने वाचून विचारलं, "टाइल 'व्हिट्रिफाइड' होती, एवढं सविस्तर लिहायला हवं का?" मी म्हटलं, असू दे.

सकाळच्या सिस्टरने तोटी बंद केली आणि पलंगाला एक तक्ता लटकवला: वेळ, प्रश्न, उत्तर. "दर तासाला काहीतरी विचारायचं. उत्तर हळू आलं, चुकीचं आलं, किंवा आलंच नाही, तर मला बोलवायचं. नातेवाइकांनी विचारलेलं बरं, तुम्हाला फरक लवकर कळतो." तिला काय माहीत, तिने कुणाला काय सांगितलं ते. बाबांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. दुभाषी घरी झोपली होती. मी घसा खाकरला. "तुमचं नाव?" बाबा म्हणाले, "पलंगावर पाटी आहे." सिस्टर म्हणाली, "काका, नीट सांगायचं." त्यांनी सांगितलं, पहिलं नाव, वडिलांचं, आडनाव, अशा सुरात की जणू मी वसुलीला आलोय. एक वाजता मी महिना विचारला, तोही मिळाला. दोन वाजता परत नाव विचारलं तर ते म्हणाले, "मघाशी दिलं होतं, हरवलं का?" मी उत्तराच्या रकान्यात तेच लिहिलं. सिस्टर म्हणाली, एकसारखे प्रश्न विचारू नका, पाठ होतात. पण दुसरं काय विचारणार? तीन वर्षं न बोललेल्या माणसाशी बोलायला एवढे विषय साठलेले असतात की तोंडाशी गर्दी होऊन एकही बाहेर येत नाही, सुजलेल्या वाटेसारखं. शेवटी तीन वाजता मी म्हटलं, "दहा बाय बाराच्या खोलीला दोन बाय दोनच्या टाइल किती?" त्यांनी डोळेही उघडले नाहीत. "तीस. तोडफोडीला दोन." "दोनच?" "मी बसवणार असेन तर दोन. दुसरा कुणी असेल तर पाच." चार वाजता मी टाइलमधल्या सांध्यांचं विचारलं, पाच वाजता पोकळ वाजणाऱ्या टाइलचं. पाचचं उत्तर तक्त्याच्या मागच्या बाजूवर गेलं. आणि सहा वाजता मी प्रश्न शोधत असताना त्यांनीच विचारलं, "तू तिथे दिवसभर काय करतोस?"

रुग्णाने विचारलेल्या प्रश्नासाठी तक्त्यात रकाना नव्हता. मी म्हटलं, "उभा राहतो."

"बसू देत नाहीत?"

"गिऱ्हाईक असेपर्यंत नाही."

"आणि नसलं की?"

"मग गिऱ्हाईक येईल म्हणून उभं."

ते यावर विचार करत राहिले. मी घड्याळ बघितलं, अकरा सेकंद. हळू उत्तर किती सेकंदांनंतर समजायचं हे सिस्टरने सांगितलं नव्हतं. "पाय दुखत असतील," ते म्हणाले. "दुखतात." "माझे गुडघे," ते म्हणाले, आणि चादरीखाली ते एकदा सरळ करून बघितले. मी लिहिलं: सहा वाजता, संभाषण समाधानकारक.

आठ वाजता आई आली, तिने तक्ता वाचला, पेन मागून घेतलं आणि मला घरी पाठवलं. सकाळी मी परत आलो तेव्हा ती ताजीतवानी होती आणि बाबा दमलेले. दर तासाला प्रश्न विचारायचा आणि नवऱ्याने उत्तर दिलंच पाहिजे, न दिल्यास सिस्टर येणार, अशी रात्र तिला चौतीस वर्षांत पहिल्यांदा मिळाली होती. मी तक्ता वाचला. "दहा वाजता: लग्नात माझ्या मामांशी का बोलला नाहीत? उत्तर: मामा आधी बोलले नाहीत." "अकरा: मी विणलेला निळा स्वेटर खरंच हरवला का? उत्तर: नाही. दिला." "बारा: कुणाला? उत्तर: आठवत नाही. (आठवतंय. शुद्धीवर आहेत.)" "दोन: पत्र्याच्या पेटीची किल्ली कुठे? उत्तर: कपाटामागे खिळ्याला." "चार: मी गेले तर रडाल का? उत्तर: आधी मला झोपू दे." प्रत्येक ओळीपुढे रात्रीच्या सिस्टरची सही होती, आणि चारच्या ओळीपुढे सहीबरोबर एक छोटं हसरं तोंड. आई घरी गेली ती सरळ कपाटामागे बघायला, अशी माझी खात्री आहे.

आठ, नऊ आणि दहा वाजता मी सोपे प्रश्न विचारले. डोकेदुखी नाही, उलटी नाही, पेंग म्हणाल तर आईमुळे. अकरा वाजले. हा शेवटचा प्रश्न. बाराला डॉक्टरबाई येणार. महिना विचारला असता तर संपलं असतं. पण माझ्या लक्षात आलं की बारानंतर त्यांना उत्तर देण्याचं काही कारण राहणार नाही, नळी निघेल आणि आम्ही परत सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना जाऊन उभे राहू, आणि पंखा. म्हणून मी म्हटलं, "बाबा, तुम्ही माझ्यावर रागावलाय का?"

ते छताकडे बघत राहिले. दहा सेकंद. वीस. नियम साधा होता: उत्तर आलं नाही की बोलवायचं. पण बाबांची गप्प राहण्याची पद्धत मला जितकी माहीत आहे तितकी सिस्टरला नाही, डॉक्टरबाईंना नाही, जगातल्या कुठल्याही यंत्राला नाही. मी तिच्यात तीन वर्षं राहिलोय. एक गप्प राहणं असतं ते चुकीचा माल आल्यावरचं. एक असतं माप घेतानाचं. एक जेवताना, आईने माझं नाव काढल्यावरचं. हे त्यातलं कुठलं होतं? की यातलं कुठलंच नव्हतं, आणि आत पाणी चढत होतं आणि माझा प्रश्न त्या पाण्यावर पडून तरंगत होता? बोलवलं आणि तिने तोटी उघडली, तर मानेतून पोटात नळी, जन्मभर, आणि तीही मी असला प्रश्न विचारल्यामुळे. नाही बोलवलं तर परवासारखंच: मला माहीत असलेलं दुसऱ्या कुणाला माहीत नसलेलं. चाळीस सेकंद. बाबांची पापणी लवली, पण पापण्या कुणाच्याही लवतात. मी घंटा दाबली.

सिस्टर धावत आली, डोळ्यात बॅटरी मारली, दोन्ही हात वर करायला लावले, बोटं मोजायला लावली. सगळं बरोबर. "मग काका, मुलाने काय विचारलं होतं?"

"त्याने विचारलं ते मला ऐकू आलं," बाबा म्हणाले.

"मग उत्तर का नाही दिलंत?"

"विचार चाललाय."

"एवढा वेळ?"

"तीन वर्षांचा प्रश्न आहे. त्याला मिनिट तरी लागणार की नाही?"

सिस्टर पेन घेऊन तक्त्यापुढे उभी राहिली आणि काय लिहायचं ते तिला कळेना. तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या, वेळेआधी. "प्रश्न काय होता?" त्यांनी मला विचारलं. मला तो परत म्हणावा लागला, उघड्या खोलीत, चार पलंगांसमोर. शेजारच्या पलंगावरचे गृहस्थ, जे आठवडाभर एक अक्षर बोलले नव्हते, कोपरावर उठून बसले आणि सिस्टर धावत त्यांची तोटी बंद करायला गेली. डॉक्टरबाईंनी बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "माझ्या वडिलांनीही याचं उत्तर दिलं नसतं," त्या म्हणाल्या. "सिस्टर, लिहा: उत्तर टाळले. टाळायला मेंदू लागतो."

डोक्याचा फोटो काढून आणला, त्यात पाणी जिथल्या तिथे होतं. दीड वाजता त्यांनी नळी काढली. बाबांनी "हं" केलं, एक टाका पडला, आणि स्टँड, भांडं, पिशवी, सगळं दुपारच्या सिस्टरने ढकलत नेलं. जाताना ती माझ्याकडे बघून हसली नाही, पण रागानेही बघितलं नाही, जे जास्त होतं. तक्ताही फायलीत गेला. पलंगाभोवती एकदम मोकळी जागा झाली आणि त्या जागेत मी. आईला फोन करायला हवा होता. मी उठलो.

"कुठे निघालास?" बाबांनी विचारलं.

"फोन करून येतो. आता काही विचारायचं नाहीये. संपलं ते."

"एक बाकी आहे."

मी खाली बसलो. त्यांनी डोळे मिटले, बोटांनी डोक्यावरच्या नव्या पट्टीची कड चाचपली आणि ती सरळ आहे याची खात्री करून घेतली. मी थांबलो.

"आत्ता नाही," ते म्हणाले. "पुढच्या तासाला विचार."

दोन वाजून आठ मिनिटं झाली होती. अजून बावन्न होती.